स्थलांतराचा दाखला

गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियाहून भाच्याचा फोन आला. "मामा, झालं एकदाचं ट्रान्सफर!" दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तो आता तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला बसणार होता. आई पडवीत कोळंबी सोलत होती. तिला हल्ली जरा कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, "आई, नातवाची ट्रान्सफर झाली!"

आईचा हात थांबला नाही. "नोकरीला कवा लागला तो?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या करंज्यात बदली होते ती तलाठ्याची, मास्तरांची आणि फौजदाराची. मास्तरांची झाली की बायका डोळ्यांना पदर लावतात. फौजदाराची झाली की नव्या साहेबांना पापलेट आवडतं की रावस, याची चौकशी सुरू होते. विद्यार्थ्याची बदली कोणी ऐकलेली नाही. विद्यार्थी पास होतो, नापास होतो, नाहीतर बोटीवर जातो.

मी आईला समजवायला बसलो. अमेरिकेत गावोगावी अशी लहान कॉलेजं असतात, फी कमी असते, घरून जाता-येता येतं. पहिली दोन वर्षं तिथे करायची, मार्क बरे आणायचे आणि उरलेली दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात करायची. पदवी मिळते ती मोठ्या विद्यापीठाची. भिंतीवर लावायच्या त्या कागदावर पहिल्या दोन वर्षांचं नावही येत नाही.

आईने एक कोळंबी हातात धरून विचार केला. "म्हंजी म्हावरा करंज्याचे बंदराव घेवाचा, आन दादरला बसून दादरचा बोलून इकाचा."

इतकी नेमकी व्याख्या अमेरिकेच्या शिक्षणखात्यालाही सुचली नसती. पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज तिकडे 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी निघालं. कॅलिफोर्नियाने 1960 साली रीतसर मास्टर प्लॅन करून वाटेच लावले. गुणवत्तेत वरच्या आठव्या हिश्शातली मुलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरच्या तिसऱ्या हिश्शातली स्टेट कॉलेजांत आणि बाकीच्यांनी ज्युनियर कॉलेजात बसायचं, तिथून वर चढायचं. आमच्या बंदरावर लिलावाच्या वेळी असेच वाटे लागतात. पापलेटचा वेगळा, हलव्याचा वेगळा आणि मांदेलीचा ढीग वेगळा. फरक एवढाच की कॅलिफोर्नियात मांदेलीला दोन वर्षं नीट अभ्यास केला तर पापलेट व्हायची मुभा आहे.

"मामा, तुमच्या वेळी असायचं का ट्रान्सफर?" भाच्याने विचारलं. तो आई म्हणेल तेव्हाच मला अहोजाहो करतो, त्या दिवशी आपणहून केलं, म्हणून मीही जरा सरसावून बसलो.

असायचं. माझं झालं होतं, 1995 साली. पण ते सांगायचं तर सुरुवात गावापासून करावी लागते, कारण आमचं गावच मुळात बदलीच्या खात्यातलं आहे.

द्रोणागिरीच्या पायथ्याशी आणि धरमतर खाडीच्या तोंडाशी आम्ही बसलो आहोत, ते बसलोच आहोत. गाव जागचं तसूभर हललेलं नाही. पण त्याच्या बदल्या मोजा. एके काळी अख्ख्या उरण बेटालाच करंजा म्हणत. ते पोर्तुगीजांकडे होतं, मग मराठ्यांकडे आलं आणि 1782 सालच्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीच्या जोडीने इंग्रजांकडे कायम झालं. कब्जा आधी आणि ऑर्डर मागाहून, एवढाच काय तो सरकारी बदलीपेक्षा वेगळेपणा. पुढे कागदोपत्री आम्ही पनवेल तालुक्यातल्या उरण पेट्यात होतो. मग उरणच तालुका झाला. तरी परगावची माणसं अजून आमच्या पत्त्यात पनवेल घालतात आणि पत्र येतंही. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. तेव्हा मी शाळेत नुकता जिल्ह्याचं नाव न चुकता लिहायला शिकलो होतो. कुलाब्यातला 'ब' मला फार सुरेख जमायचा. तो वाया गेला.

समोर रेवस दिसतं. लाँचने पंधरा मिनिटं, रस्त्याने जाल तर पेण-वडखळ करत खाडीला लांबलचक प्रदक्षिणा. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस-करंजा पुलाची गोष्ट ऐकत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो पूल वर्तमानपत्रातून नियमित ये-जा करत होता.

तर अशा गावातून मी जवळच्या एका कॉलेजात तीन वर्षं जाऊन बी.ए. झालो. पदवी मुंबई विद्यापीठाची. म्हणजे तीन वर्षं मी मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी होतो आणि मुंबई विद्यापीठ मी पाहिलेलं नव्हतं. यात मला लाज वाटायची. पुढे कळलं की यात विद्यापीठाच्या घराण्याचाच दोष आहे. 18 जुलै 1857 रोजी ते स्थापन झालं तेच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. कॉलेजांकडे खडू-फळा, विद्यापीठाकडे फक्त लाल पेन्सिल. 1862 साली बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, डॉक्टर भांडारकर होते. तेसुद्धा शिकले एल्फिन्स्टनमध्ये आणि पदवीधर झाले विद्यापीठाचे. विद्यापीठाने स्वतः वर्ग भरवून शिकवायला घेतलं ते पुढच्या शतकात. तोवर ते सासूसारखं नुसतं चव घेऊन नावं ठेवण्याचं काम करत होतं.

आणि पसारा केवढा! मुंबई शहराची हद्द मुलुंड-दहिसरला संपते. मुंबई विद्यापीठाची हद्द ठाणे, रायगड, रत्नागिरी करत थेट गोव्याच्या वेशीवर टेकते. सावंतवाडीच्या पलीकडचा पोरगा आंब्याच्या झाडाखाली बसून अभ्यास करतो आणि मुंबईचा पदवीधर होतो.

आमच्या बाबांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे घड्याळ. इंजिनाचे सुटे भाग आणायला ते फोर्टात जात, तेव्हा त्यांनी राजाबाई टॉवर पाहिलेला होता. 1878 साली तो बांधून झाला, प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव टॉवरला लावून घेतलं, ही माहिती बाबांना कोणा पारशी दुकानदाराने पुरवली होती. बाबांच्या ती मनात बसली. मी अभ्यास टाळताना दिसलो की म्हणत, "एकाने आईच्या नावाचा घड्याल बांदला. तू निदान आईला सांगून उठ तरी."

एम.ए. मराठी करायचं ठरलं आणि कळलं की तो विभाग घड्याळाखाली नाही, कालिन्याला विद्यानगरीत आहे. आणि तिथे जायला टीसी लागतो.

टीसी म्हणजे ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट. आपण अमुक कॉलेजात होतो, आता नाही, आणि जाताना काही उचलून नेलेलं नाही, असा दाखला. एकाच विद्यापीठातल्या एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जायचं तर तो पुरतो. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर वर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ज्याला मराठीत स्थलांतर प्रमाणपत्र म्हणतात. हा शब्द वाचला की मला उरणच्या पाणथळीतले रोहित पक्षी आठवतात. एवढे लांबून येतात, एकाकडेही कागद नसतो.

टीसी मिळवण्याआधी 'नो ड्यूज'चा फॉर्म भरून घ्यायचा असतो. ग्रंथालयाची सही, जिमखान्याची सही, एनसीसीची सही, प्रयोगशाळेची सही. हे तेव्हा सगळीकडेच होतं. मी कला शाखेचा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही मला ठाऊक नव्हतं. पण मी तिथली एकही परीक्षानळी फोडलेली नाही हे सिद्ध करणं आवश्यक होतं. तिथल्या सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तीन वर्षांत एकदा तरी येऊन जायचं होतंस." सही दिली.

अडलं ते ग्रंथालयात, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा. एक जाडजूड समीक्षाग्रंथ वर्षभर माझ्याकडे होता. तो रेवसच्या लाँचवर भिजला होता. आईने तो घरी आणल्याबरोबर तिच्या पद्धतीने सुकवला, म्हणजे बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते त्यांच्या रांगेत पानं उघडून उपडा घातला. दोन दिवसांत पुस्तक खडखडीत वाळलं. ग्रंथपालांनी ते हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, लांब धरलं आणि पुन्हा नाकाजवळ नेलं. ते स्वतः अलिबागकडचे होते. त्यांचा चेहरा काही क्षण फार हळवा झाला. मग त्यांनी रजिस्टर उघडून माझ्या नावापुढे नोंद केली: 'पुस्तक जमा. वास कायम.'

हेडक्लार्क त्या दिवशी रजेवर होते, म्हणून संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आलो. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, "टीसी मिळाला नाही."

"नाय मिलाला ता बरा जाला," आई म्हणाली. "तिकीट नव्हता काय तुजेकरं?"

इथे सांगायला हवं की तेव्हा आमच्या तालुक्यात प्रवाशांची रेल्वे नव्हती. मालगाडी होती, पण मालगाडीत टीसी नसतो. आईला माहीत असलेला टीसी डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जिन्याखाली काळा कोट घालून उभा असायचा आणि तिच्या टोपलीकडे संशयाने पाहायचा. असा माणूस मुलाला कॉलेजात गाठून सही देणार, आणि तो भेटत नाही म्हणून मुलगा रडवेला होणार, हे तिच्या डोक्यात शिरेना. तीन दिवसांनी टीसी मिळाला तेव्हा मी पेढे आणले. तिने ते देवापुढे ठेवले, पण मला बाजूला घेऊन विचारलं, "दंड किती घेतला?"

टीसी घेऊन विद्यानगरीत पोचलो. दोनशेहून अधिक एकर जमीन, झाडं, डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं आणि घड्याळ कुठेच नाही. खिडकीपुढे रांग होती. प्रत्येक रांगेत एक जाणकार असतो. त्याला नियम सगळे पाठ असतात आणि त्याचं स्वतःचं काम तीन वर्षांपासून अडलेलं असतं. माझ्यापुढे नेमका तो होता.

"कुठून?"

"करंज्याहून."

"कारंजा! म्हणजे विदर्भ." त्याने आवाज खाली घेतला. "कारंजा लाड की कारंजा घाडगे?"

"नाही," मी म्हटलं, "आम्ही कोळी."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. महाराष्ट्रात कारंजा नावाची दोन मोठी गावं आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक लाडांचं, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातलं, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दुसरं घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यात. एक काना काय तो आमच्या आणि त्यांच्यामध्ये आहे, आणि इंग्रजीत लिहिलं की तोही उरत नाही. जाणकाराने तिथल्या तिथे निकाल दिला. "लाड असेल तर अमरावती विद्यापीठ, घाडगे असेल तर नागपूर विद्यापीठ. दोन्हीकडून मायग्रेशन लागणारच. टीसीवर काही होत नाही. उगाच उभा राहू नकोस."

आता मला सांगा, मी बी.ए. झालेला माणूस. हातातल्या टीसीवर, गुणपत्रिकेवर, प्रत्येक कागदावर मुंबई विद्यापीठाचं नाव ठळक छापलेलं. पण जाणकाराच्या बोलण्यात अशी खात्री होती की मला वाटलं, आपणच विदर्भातले असू. मी मुकाट रांगेतून बाहेर पडलो. कुर्ला, डॉकयार्ड रोड, भाऊचा धक्का, मोरा, उरण असं उलटं जाऊन दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर झालो आणि हेडक्लार्कना म्हटलं, "साहेब, मायग्रेशन पाहिजे."

"कुठे चाललास?"

"कालिन्याला."

हेडक्लार्क फार शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाळा, स्वयंपाकघरातून ओटीवर जायला पासपोर्ट लागतो का?"

परत मोरा, परत भाऊचा धक्का. प्रवेशाचा शेवटचा दिवस. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद पाहिले, शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. रांगेत जाणकार होताच. त्याने मला ओळखलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, "बघा, एका दिवसात अमरावतीहून मायग्रेशन आणलं. याला म्हणतात जिद्द."

इथपर्यंत बदली कागदाची झाली. माणसाची बदली रोज व्हायची, आणि ती समुद्राच्या मर्जीने. होस्टेल परवडणारं नव्हतं, म्हणून मी घरून जायचो. करंजा ते उरण सहा आसनी रिक्षा, जिच्यात अकरा आसनं बसत. उरणहून मोरा. मोऱ्याहून लाँचने तासाभरात भाऊचा धक्का. तिथून चालत डॉकयार्ड रोड, हार्बर लाइनने कुर्ला, कुर्ल्याहून बस. लोकलला वेळापत्रक असतं, बसला निदान नंबर असतो. मोऱ्याच्या लाँचला चंद्र असतो. बंदरात गाळ साचलेला, ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागत नाही. पाणी चढेस्तोवर तिने तिकडे आणि आपण इकडे एकमेकांकडे बघत बसायचं.

बाबांनी यावर तोडगा काढला. कोळ्याला घड्याळ लागत नाही, त्याला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, नऊ वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. विभागाचं वेळापत्रक मी घरी आणलं तेव्हा बाबांनी ते कालनिर्णयशेजारी टांगलं आणि पेन्सिलीने हिशेब मांडला. द्वादशीला भाषाविज्ञान होईल. अष्टमीला लवकर निघालास तर मध्ययुगीन वाङ्मय मिळेल. पंचमी-षष्ठीला सकाळी दहाच्या सुमाराला पाणी तळाला, तेव्हा साहित्यशास्त्र विसर. "पंचमीला ज्ञानेश्वर आला तरी मोऱ्याला लाँच लागाची नाय," बाबा म्हणाले. ज्यांनी भिंत चालवली त्यांच्याबद्दल हे जरा जास्त होतं, पण बाबांचा अनुभव लाँचचा होता.

नाट्यशास्त्र सांगितलेल्या भरताचं रससूत्र माझं शेवटपर्यंत कच्चं राहिलं ते याच भरती-ओहोटीपायी. तीन नंबरचा बावटा लागला की सगळंच बंद, मग पुस्तकं घेऊन घरी बसायचं. विभागात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, हजेरीकडे बारीक लक्ष असणाऱ्या. त्यांच्या ध्यानात आलं की हा मुलगा शुद्ध पंचमी-षष्ठीला येत नाही आणि वद्य पंचमी-षष्ठीलाही येत नाही. एरवी दांडी मारणारी मुलं शुक्रवार किंवा सिनेमा बघून मारत. पंचांग बघून दांडी मारणारा त्यांनी पहिलाच पाहिला. त्यांनी मनाशी काहीतरी ताडलं. एकदा द्वादशीला वर्ग सुटल्यावर मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "घरी काही कडक व्रत असतं का रे? खंडोबाचं?" त्यांनी माझ्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणले होते. मी ते खाल्ले. मग खरं सांगितलं. आधी खरं सांगितलं असतं तर लाडू मिळाले असते की नाही, याची मला खात्री नव्हती. त्या दिवसापासून बाई हजेरी घेताना माझ्या नावाला थांबत आणि विचारत, "उद्या पाणी कसं आहे?"

वर्गात गिरगावची एक मुलगी होती, जिला शेवटपर्यंत मी विदर्भाचा वाटत होतो आणि विदर्भात समुद्र कसा, हा प्रश्न तिला दोन वर्षांत पडला नाही. सावंतवाडीकडचा एक मित्र होता. कोकण रेल्वे मुंबईपर्यंत सलग सुरू व्हायची होती, तो एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत यायचा. महाडचा एक, डहाणूचा एक. आम्ही सगळे तीन वर्षं मुंबई विद्यापीठात शिकून पहिल्यांदाच मुंबई विद्यापीठात आलेलो होतो. डब्यात मात्र आमच्यात भेद होता. माझा डबा उघडला की वर्ग दोन गटांत विभागला जाई, एक खिडकीकडे आणि एक माझ्याकडे.

आता गंमत ऐका. मी एवढी यातायात करून स्थलांतर केलं आणि मधेच विद्यापीठाने, जागचं न हलता, स्वतःच बदली करून घेतली. 4 सप्टेंबर 1996 च्या राजपत्राने 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'चं 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' झालं. मराठीत आम्ही आधीपासून मुंबईच म्हणत होतो, त्यामुळे विभागात कोणाला काही जाणवलं नाही. चहाचा कटिंग तेवढाच राहिला. पण माझी बी.ए.ची पदवी बॉम्बेची आणि एम.ए.ची मुंबईची. कुलाब्यात जन्मून रायगडात वाढलेल्या माणसाला हे शोभूनच दिसलं.

काही वर्षांनी राज्याबाहेरच्या एका कचेरीत मुलाखतीला गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी-शेजारी ठेवली, एकदा हे पाहिलं, एकदा ते पाहिलं.

"बी.ए. बॉम्बे विद्यापीठ. एम.ए. मुंबई विद्यापीठ. मायग्रेशन कुठंय?"

मला रांगेतला तो जाणकार आठवला. त्याची हकनाक टर उडवली होती मी.

हल्ली माझा पुतण्या बी.ए.ला आहे. त्याला काहीच आणावं लागत नाही. 2021 पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची बँक सुरू झाली आहे. शिकलेल्याचे क्रेडिट त्यात जमा होतात, मधेच शिक्षण सोडलं तर ते सात वर्षांपर्यंत तिथे राहतात, हव्या त्या विद्यापीठात जाऊन पुढचं शिकता येतं, अशी योजना आहे. म्हणजे भाचा कॅलिफोर्नियात जे करतो ते पुतण्याला करंज्यात बसून करता येईल, निदान मोबाइलवर तरी तसं दिसतं. त्याने हे आजीला समजावलं तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले. व्याज किती? आणि क्रेडिटवर शिकतोस म्हणजे मास्तरांची उधारी कधी देणार? बंदरावरच्या बर्फवाल्याकडे, डिझेलवाल्याकडे क्रेडिट या शब्दाचा एकच अर्थ चालतो, आणि तो आईने तीस वर्षं सांभाळलेला आहे.

पुतण्याला चंद्रही लागत नाही. 12 जानेवारी 2024 ला उरणची लोकल सुरू झाली. त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतूही खुला झाला, जवळपास 22 किलोमीटरचा. पुतण्याकडे मोटारसायकल आहे आणि त्या पुलावर मोटारसायकलला बंदी आहे, म्हणून तो पूल तो लोकलच्या गर्दीत उभा राहून मोबाइलवर बघतो. बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं की लोकल षष्ठीला धावते का.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो फार हसला. कारंजा लाडवर हसला, वास कायमवर हसला. मग म्हणाला, "पण मामा, एक कळलं नाही. टीसी म्हणजे काय?"

"म्हणजे? जुन्या कॉलेजाने सोडल्याचा दाखला. तू नाही घेतलास?"

"नाही. इकडे ते ट्रान्स्क्रिप्ट ऑनलाइन पाठवतात, झालं. असलं काही मागत नाहीत."

मी फोनवर हात ठेवला आणि आईकडे वळलो. कोळंबी संपली होती, ती सालं कागदात गुंडाळत होती. "आई, त्याच्याकडे टीसी नाही."

आईने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याजवळ सरकली. "मंग त्याला सांग," ती कुजबुजली, "कोनाला बोलू नको."